पाववाल्याचे लावे

दिनांक ३ मार्च. रुपये दोन हजार नऊशे चाळीस फक्त.

एवढी रक्कम त्या दिवशी माझ्या खिशातून गेली आणि तिच्या बदल्यात बेचाळीस लावे जाळीच्या खोक्यात बसून माझ्या साडूंच्या मांडीवर आले. पक्षी त्यांचे, पैसे माझे, कारण साडू पाकीट विसरले होते. ते नेहमीच विसरतात. जन्म पिठात काढलेल्या माणसाच्या विजारीला खिसे ठेवून उपयोग नसतो. हात घातला की नोटेच्या आधी पीठ बाहेर येते. "नगाला सत्तर," पक्षीवाला म्हणाला. साडूंनी माझ्याकडे पाहिले आणि मी पाकीट काढले.

"लिहून ठेवा हो साहेब," ते म्हणाले. "आपल्यात उधारी नको."

मी लिहून ठेवले.

साडू म्हणजे माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. धंदा बेकरीचा. सगळा रस्ता त्यांना पावदादा म्हणतो, मी नुसते दादा म्हणतो. मी आयुष्यभर एका कंपनीच्या हिशेब खात्यात बसलो म्हणून ते मला साहेब म्हणतात. त्यात आदर किती आणि चिमटा किती, हे निवृत्तीला दोन वर्षे उरली तरी मला कळलेले नाही.

दादा पोरवयात मामाच्या भट्टीवर लाकडे ओढायला लागले आणि पंचविशीत स्वतःच्या भट्टीचे मालक झाले. दुकान चिंचोळे, आगगाडीच्या डब्यासारखे. पुढे काचेचे कपाट, त्यामागे ताईंची गल्ल्याची खुर्ची, मग पीठ मळायचे टेबल, मग भट्टी आणि सर्वांत शेवटी लाकडांची खोली. पाव झाला की नाही हे दादा घड्याळावर ठरवत नसत. पाव उलटा करून बुडाला बोटाने टकटक करायची आणि कान लावायचा. दार वाजवल्यासारखा पोकळ आवाज आला की म्हणायचे, "आहे घरात. काढा बाहेर."

पण त्यांचा खरा धंदा पाव भाजणे हा नव्हताच. त्यांचा खरा धंदा खाऊ घालणे. वजनमापांचा तपासनीस आला तरी आधी त्याच्या हातात गरम बन. "वजन नंतर बघा, आधी चव बघा." आजारी शेजाऱ्याला टोस्ट, रुसलेल्या मुलाला बिस्कीट. एकदा समोरच्या घरातली सून नवऱ्याशी भांडून पिशवी घेऊन माहेरी निघाली. दादांनी तिला वाटेत खायला म्हणून पाव दिला. ती कोपऱ्यापर्यंत गेली, पाव संपला, आणि परत आली. हे दादा स्वतः सांगतात. ती सून आता आजी झाली आहे आणि म्हणते, पाव नव्हे, पिशवी जड होती. खरेखोटे त्यांनाच माहीत.

दुसरा गुण म्हणजे शब्द. दादा रागात काही बोलून बसले की ते खोडता येत नाही, त्यांनासुद्धा. एकदा न्हाव्याशी वाद झाला तेव्हा म्हणाले, "तुझ्या खुर्चीत पुन्हा बसेन तर नाव लावणार नाही." आठवड्याने राग गेला, पण शब्द राहिला. तेव्हापासून न्हावी त्यांचे केस उभ्याने कापतो. दादा भिंतीला टेकून उभे राहतात आणि न्हावी स्टुलावर चढतो. दोघांची आता चांगली मैत्री आहे.

दोन वर्षांपूर्वी मुलाने दुकान हातात घेतले. मुलगा कामाचा आहे. त्याने लाकडाची भट्टी काढून विजेची बसवली, पुढे दिवे लावले आणि वडिलांना म्हणाला, "बाबा, आता तुम्ही बसा."

"बसा" हे त्यांना जन्मात कोणी सांगितले नव्हते. कुठे बसायचे हेही त्यांना ठाऊक नव्हते. मग ते विक्रीला उभे राहू लागले. पंधरा दिवसांत मुलाने तिथेही हात जोडले.

"बाबा, डझनात बारा असतात."

"माझ्या डझनात तेरा असतात."

"म्हणूनच सांगतोय, बसा."

असा माणूस नुसता बसला की घरच्यांना भारी पडतो. ताई गल्ल्यावरून ओरडायच्या, "अहो, त्या मांजराला तिसरा बन देऊ नका, त्याला आता उठवत नाहीये!" त्यातच एका गिऱ्हाइकाच्या घरी दादांनी लावे पाहिले. मुठीएवढा पक्षी, अंगावर सुकलेल्या गवताचे रंग, आणि अंडे असे की कोणी शाईचा ब्रश झटकला असावा. "एवढासा जीव आणि रोज अंडं!" दादा मला फोनवर म्हणाले. "साहेब, ह्याला म्हणतात कामगार." दुसऱ्याच आठवड्यात ३ मार्च उजाडला.

लाकडांची खोली रिकामीच होती. दादांनी पावाची उंच लाकडी मांडणी मधोमध उभी केली, खणांना दोन्ही बाजूंनी जाळी ठोकली, आत मधोमध फळी मारून पाठीला पाठ लागलेल्या दोन बाजू केल्या. विष्ठा पडायला खाली पावाचेच जुने ट्रे. एका पसरट भांड्यात वाळू भरून ठेवली. पक्षी त्यात लोळून अंग झटकायला लागले की दादा मला हाक मारून दाखवायचे, जणू नातवंडे पोहायला शिकली आहेत.

पहिला महिना सुखाचा गेला. पक्षीवाल्याने सोबत दिलेल्या खाद्यावर माद्या रोज संध्याकाळपर्यंत पाटीभर अंडी घालत होत्या. दादा एकेक अंडे कानाशी धरून नखाने टकटक करत. "आहे घरात," म्हणत आणि ट्रेमध्ये ठेवत. मुलाने टोस्टशेजारी छोटी खोकी मांडली, ती संध्याकाळीच संपत. मुलगासुद्धा म्हणाला, "बाबा, हे बरं केलंत." मुलाच्या तोंडून हे वाक्य त्यांनी दोन वर्षांनी ऐकले. त्या रात्री ते जास्तीचा भात जेवले, असे ताई सांगतात.

मग पोते संपले.

"विकत कशाला आणायचं?" दादा म्हणाले. "दुकानात खायला काही नाही का?"

आणि लाव्यांना पाव सुरू झाला. पावाच्या कडा, बनचा चुरा, मोडकी बिस्किटे, टोस्टचा भुगा. पक्षी तुटून पडायचे. दादांची पावले ऐकली की सगळी मांडणी चिवचिवाटाने हलायची. ते पाहून दादांचा ऊर भरून यायचा. खाणारा आवडीने खातो आहे, याच्यापुढे त्यांच्या शास्त्रात काही नव्हते.

तीन आठवड्यांत अंडी निम्म्यावर आली. मग निम्म्याच्या निम्म्यावर. जी येत ती फिकट, आणि काही तर कवचाशिवाय, नुसत्या पातळ कातडीतली. बोट लावले की दबायची. दादा नखाने टकटक करायला गेले आणि अंडे हातातच फुटले. पक्षी एकमेकांच्या पाठीची पिसे उपटायला लागले. खोक्यांची जागा रिकामी दिसू लागली तेव्हा मुलगा म्हणाला, "काका, आइस्क्रीमचा फ्रीजर घ्यायचा म्हणतोय मी. मागची खोली मोकळी झाली तर बसेल." तो हे मला म्हणाला, पण दादांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

मी दादांना घेऊन खाद्याच्या दुकानात गेलो. दुकान एका बाईंचे. चष्मा कपाळावर, हातात पोते शिवायचा दाभण.

"खायला काय देता?" त्यांनी विचारले.

"घरचंच," दादा अभिमानाने म्हणाले. "पाव, बन, टोस्ट. रविवारी बिस्कीट."

"आणि चहा?"

"चहा कशाला?"

"नाही, बाकी नाश्ता सगळा झालाय म्हणून विचारलं."

मला हसू आले ते मी खोकल्यात घातले. बाईंनी दाभण खाली ठेवला. "अहो, किलोत पाच-सहा बसतील एवढे पक्षी. त्यातली मादी जवळजवळ रोज अंडं घालते. ती ते आणणार कुठून? लाव्याला कोंबडीपेक्षाही जास्त प्रथिनं लागतात. पावानं पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. आणि पोट भरलं की ती दुसऱ्या खाण्याला तोंड लावत नाही. प्रथिनं कमी पडली की एकमेकांची पिसं खातात. आणि कवचाला लागतो चुना. तो खाण्यातून मिळाला नाही, तर ती बिचारी स्वतःच्या हाडांतून काढते."

"हाडांतून?" दादा एकदम हळू आवाजात म्हणाले.

"हाडांतून. पावात आहे काय तुमच्या? मैदा, साखर, मीठ."

इथे बाई चुकल्या. हाडांपर्यंत दादा ऐकत होते. पण पावावर बोट गेले आणि त्यांची भट्टी पेटली.

"तुम्ही माझा पाव खाल्लाय?"

"नाही."

"मग बोलू नका! अर्ध्या शहरानं माझा पाव खाल्लाय. एकाचंही कवच पातळ झालं नाही!"

"त्यांच्यातल्या कोणी अंडी घातली का?" बाईंनी विचारले.

दादा तडक बाहेर गेले. मी गुपचूप खाद्याचे एक पोते आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची पिशवी घेतली. दादांच्या नावावर आणखी नऊशे पन्नास.

दुकानात परत आलो तर मुलगा फ्रीजरचे चित्र आईला दाखवत होता. त्याने माझ्या खांद्यावरचे पोते पाहिले आणि म्हणाला, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. बाबा, अंडी नाहीत आणि वर खाद्याचा खर्च?"

"मला नको ते पोतं!" दादा म्हणाले. "साहेबांनी आणलंय, साहेबांना खाऊ दे!"

"अहो, काय बोलता? पाहुणे आहेत ते," ताई म्हणाल्या.

"मग ऐका सगळ्यांनी. माझ्या भट्टीतलं खाऊन हे पक्षी अंडी घालणार नसतील, तर मला पक्षीच नकोत. महिनाअखेरीस देऊन टाकीन आणि खोली ह्याच्या फ्रीजरला!"

ताईंनी कपाळाला हात लावला. न्हाव्याचे स्टूल आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आले असणार. दादांचे तोंडही उतरले होते. बोलून झाल्यावरच आपण काय बोललो हे त्यांनाही कळले होते, पण बाण सुटला होता.

तोड ताईंनी काढली. अर्धे पक्षी दादांचे, अर्धे ताईंचे. मांडणीची दुकानाकडची बाजू दादांची, तिथे पाव. खिडकीकडची ताईंची, तिथे पोत्यातले खाद्य, शिंपल्यांचा चुरा आणि बारीक चिरलेला पाला. दादांची बाजू सरस ठरली तर खोली पक्ष्यांचीच. नाहीतर बोलल्याप्रमाणे. पंच मी. "पंचसाहेब, दुपारच्या जेवणाचं काय ते सांगून ठेवा," माझी पत्नी म्हणाली, कारण त्यानंतरचे रविवार मी लाव्यांकडेच काढले.

ताईंचे मला नवल वाटले. पक्षी आणले तेव्हा त्यांनी पदर नाकाला लावला होता. आता त्या रोज सकाळी पालक चिरत होत्या, पाणी बदलत होत्या, चुऱ्याची वाटी वेगळी ठेवत होत्या. "मिसळायचा नाही हो," त्यांनी मला सांगितले. "खाद्यवाल्या बाईंना मी फोन केला होता. जिला जेवढा लागेल तेवढा ती आपला घेते." दादा पलीकडून ऐकत. "बघा, बघा. माझ्या पक्ष्यांना पाव, आणि हिच्या पक्ष्यांना इस्पितळाचं जेवण."

पहिल्या रविवारी ताईंची बाजू थोडी पुढे होती. दुसऱ्या रविवारी दादांच्या बाजूने अंडी वाढली आणि ताईंच्या बाजूची होती तिथेच अडली. तिसऱ्या रविवारी दादांची बाजू उघड उघड पुढे गेली. अंडी ठिपकेदार, कवच घट्ट. दादा प्रत्येक अंडे माझ्या कानाला लावून टकटक करत होते. "ऐका साहेब! आहे की नाही घरात? सांगा त्या दाभणवालीला!" त्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येकाला एक बन फुकट मिळाला. मुलगा डोके धरून बसला.

मी त्या बाईंना सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या, "अशक्य. पोत्याकडे बघा."

पोत्याकडे मी पाहिलेच होते, ती माझी सवय आहे. एकवीस पक्ष्यांच्या मानाने ते फार भराभर उतरत होते. ताईंचे पक्षी दुप्पट खातात आणि तरी मागे आहेत, हे गणित जमत नव्हते. मला वाटले उंदीर असतील.

पुढच्या बुधवारी मी अर्धी रजा टाकून दुपारी दुकानात गेलो. दुपारी दुकान बंद असते आणि घर झोपलेले असते. मुलगा मात्र दारातच भेटला, हातात मोजपट्टी. त्याला फ्रीजरसाठी खोली मोजायची होती. मागच्या खोलीचे दार नुसते लोटलेले होते. आम्ही ढकलणार, तेवढ्यात आतून कुजबुज ऐकू आली.

"खा गं बायांनो," आवाज दादांचा होता. "नुसता पाला खाऊन वाळल्यात पोरी. तिला सांगू नका हं. गरम आहे अजून, आत्ताचा बन आहे. तुमच्या मालकिणीला दया नाही, मला आहे."

मुलाने माझ्याकडे पाहिले. दादा खिडकीकडच्या बाजूला होते. ताईंच्या पक्ष्यांसमोर.

तेवढ्यात मांडणीच्या दुसऱ्या बाजूने, दादांच्या पक्ष्यांपुढून, दुसरा आवाज आला.

"आवरा लवकर. ती चुऱ्याची वाटी आधी संपवा, मग दाणे. म्हातारा हरला तर तुम्हाला देऊन टाकेल आणि मग दिवसभर माझ्याच डोक्याशी बसेल. त्याला हरू द्यायचं नाही, कळलं? त्याचा पाव राहू दे बाजूला. तो मी उचलून नेते."

दोन्हीकडे एकदम शांतता झाली. बेचाळीस लावेसुद्धा गप्प झाले.

मग ताई म्हणाल्या, "कोण आहे तिकडे?"

"तू कोण आहेस तिकडे?" दादा म्हणाले.

मी दार ढकलले. मांडणीच्या एका बाजूला दादा, मूठ पाठीमागे. दुसऱ्या बाजूला ताई, वाटी पदराखाली. मध्ये पक्षी. मुलाला आधी हसू फुटले, मग त्याने भिंतीचा आधार घेतला.

"मूठ उघडा," ताई म्हणाल्या.

"तू पदर काढ."

मुठीतून बनचा चुरा पडला. पदराखालून खाद्याची वाटी निघाली. सगळा हिशेब तिथल्या तिथे जुळला. दादांच्या पक्ष्यांनी ताईंच्या खाद्यावर अंडी घातली होती आणि ताईंच्या पक्ष्यांची अंडी दादांच्या दयेने अडवली होती.

"किती दिवस?" दादांनी विचारले.

"पहिल्या रविवारपासून. तुमच्या पाखरांच्या पाठी उघड्या पडल्या होत्या. मला बघवेना." ताईंचा आवाज थोडा चढला. "आणि तुमचं तोंड बघवत नव्हतं ते वेगळंच. दुपारची झोप घालवली मी ह्या पाखरांपायी! आणि तुम्ही?"

"मला वाटलं तुझी उपाशी आहेत."

"पुढ्यात भरलेली वाटी असताना?"

"पावाशिवाय म्हणजे उपाशीच की," दादा म्हणाले, पण त्यांना स्वतःलाच ते पटले नाही. ते वाकून आपल्या बाजूच्या एका मादीकडे पाहत राहिले. तिच्या पाठीवर नवी पिसे बारीक काट्यांसारखी उगवत होती. "हाडांतून काढते म्हणाली होती ती बाई," ते पुटपुटले. मग सरळ उभे राहिले. "म्हणजे मी हरलो. बोललो होतो. घे रे, मोज खोली."

मुलाचे हसू थांबले. "बाबा, असू दे की. अंडी येतायत ना?"

"माझ्या पावावर नाही आली. शब्द तो शब्द."

"मेला तो शब्द!" ताई म्हणाल्या. "दरवेळी तुमचा शब्द, आणि स्टुलावर चढायचं दुसऱ्यानं!"

मुलगा गोंधळून उगाच काहीतरी काम काढायचे म्हणून कोपऱ्यातली बादली उचलून बाहेर टाकायला निघाला. तीत सकाळच्या केकसाठी फोडलेल्या कोंबडीच्या अंड्यांची टरफले होती. बादली रोज भरते आणि रोज कचऱ्यात जाते.

"थांब," ताई म्हणाल्या. त्या बादलीकडे पाहत होत्या, मग चुऱ्याच्या पिशवीकडे, मग माझ्याकडे. "तुम्ही पंच आहात. हे त्या दिवशी नेमकं काय बोलले होते? शब्दाला शब्द सांगा."

असे काम मला आयुष्यात कोणी आनंदाने दिले नव्हते. मी सांगितले, "माझ्या भट्टीतलं खाऊन हे पक्षी अंडी घालणार नसतील, तर मला पक्षीच नकोत."

"पाव म्हणाले?"

"नाही. भट्टीतलं म्हणाले."

"नक्की?"

"ताई, मी लिहून ठेवलं नाही, पण नक्की."

"मग ही टरफलं घाला भट्टीत," ताईंनी दादांना फर्मावले. "भाजा, दळा आणि द्या त्यांना. कवच कशाचं होतं? कवचाचंच! चुना तुमच्या भट्टीतला झाला की नाही? बाकीचं जेवण माझ्याकडून. काखेत कळसा आणि गावाला वळसा! रोज बादलीभर टाकतो आपण आणि पिशवी विकत आणतो."

दादांच्या मनात तो शब्द सगळ्या बाजूंनी फिरवून पाहणे चालले होते, पाव उलटा करून बुडाला टकटक करावी तसे. मग त्यांचा चेहरा हळूहळू फुलत गेला.

"भट्टी गरम आहे का रे?" त्यांनी मुलाला विचारले.

दोन वर्षांनी दादा त्या विजेच्या भट्टीपुढे उभे राहिले. टरफले धुऊन ट्रेवर पसरली, आत सरकवली, आणि मुलगा घड्याळ लावायला गेला तर त्याचा हात बाजूला केला. वासावरून काढली. टोस्टचा भुगा करायच्या यंत्रात घालून दळली. पीठ नाही, भरडच हवी, तुकडा चोचीला लागला पाहिजे, असे त्यांनीच ठरवले. चिमूटभर बोटांत चोळून पाहिली, जिभेवर ठेवली आणि म्हणाले, "मीठ कमी आहे."

"मीठ घालायचं नाही!" ताई ओरडल्या.

"चेष्टा केली गं."

त्या दिवसापासून मांडणीला बाजू राहिल्या नाहीत. सगळ्यांना पोत्यातले खाद्य, चिरलेला पाला, ताजे पाणी, आणि वेगळ्या वाटीत दादांच्या भट्टीतली भरड. महिनाअखेर आली तेव्हा पाटी पहिल्या महिन्यासारखी भरत होती. फ्रीजर आला. तो पुढे, काचेच्या कपाटाशेजारी बसला. मुलगा म्हणाला, आइस्क्रीम मागच्या खोलीत ठेवून कोणाला दिसणार होतं? हे त्याला आधी सुचले नव्हते की सुचून तो गप्प बसला होता, हे मी विचारले नाही.

उरले होते खाद्यवाल्या बाईंचे. दादा नवे पोते आणायला स्वतः गेले. बरोबर एक ताजा पाव आणि भरडीची पुडी. मी बरोबर होतो, कारण पाकीट; पण या खेपेला ताईंनी पैसे दादांच्या मुठीत दिले होते.

"ही घ्या," त्यांनी पुडी पुढे केली. "तुमच्या शिंपल्यांपेक्षा बारीक आहे का बघा."

बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, भरड तळहातावर पसरली. "कोणी केली?"

"भट्टीनं."

"चांगली आहे. विकणार असाल तर मी ठेवीन दुकानात."

दादांनी माझ्याकडे पाहिले. मी खोकलो. मग त्यांनी पाव पुढे केला. बाईंनी तो उभ्या उभ्याच तोडला, पोत्याला टेकून निम्मा खाल्ला, आणि बोटांवरचे कणही खाल्ले.

"काय?" दादांनी विचारले.

"पाव फार सुंदर आहे," बाई म्हणाल्या. "माणसांसाठी."

दादा इतके मोठ्याने हसले की पोत्यांवरचे मांजर पळाले. परत निघताना त्यांनी हळूच विचारले, "बाई, आठवड्यातून एकदा? चिमूटभर? लाड म्हणून?" बाईंनी थोडा विचार केला आणि बोटांची चिमूट दाखवली. एवढीच. म्हणून रविवारी सकाळी दादा एक बन घेऊन मागच्या खोलीत जातात. प्रत्येक पक्ष्याला चिमूटभर चुरा मिळतो. बाकीचा बन ते स्वतः तिथेच बसून खातात. ते बसायला शिकले आहेत. ताई पदर नाकाला न लावता शेजारी उभ्या राहून मोजतात की चिमूट मोठी होत नाही ना.

भरड आता खाद्यवाल्या बाईंच्या दुकानात पिशव्यांतून जाते. पिशवी भरायचे काम दादांचे. मुलगा म्हणतो, प्रत्येक पिशवी वजनाला थोडी जास्त भरते.

गेल्या रविवारी दादांनी मला गल्ल्यापाशी उभे केले आणि अंड्यांच्या पैशांतून तीन हजार आठशे नव्वद रुपये मोजून दिले. नोटांना पीठ होते. मी पावती करून दिली. निघताना एक पाव घेतला, किंमत बावीस रुपये. माझ्याकडे सुटे नव्हते आणि त्यांच्याकडेही नव्हते.

दादांचे बावीस रुपये मी देणे आहे.